रोमुलोच्या ग्लासात फणस नव्हता

"ताई, तू खालीच थांब. वर यायची गरज नाही!"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय लुमिंगने मागे घेतला. भाऊ चेष्टा करतोय असंच तिला क्षणभर वाटलं... पण रोमुलो तिच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर वरच्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीकडे होती, जिथे त्याची होणारी सासू येऊन उभी राहिली होती.

"ही कोण रे बाई?" सासूने वरूनच विचारलं.

"आमच्या गल्लीतली आहे," रोमुलो म्हणाला. "हालो-हालोची गाडी चालवते. बर्फ किसायला आणलीय."

आमच्या गल्लीतली! आई गेली तेव्हा हाच रोमुलो दुपट्यात होता आणि बाप आधीच समुद्राने गिळलेला. एप्रिलच्या वणव्यात बर्फ किसून किसून बधिर झालेल्या याच बोटांनी लुमिंगने त्याला भात भरवला, शाळेत घातला, इंजिनियर केला. आणि आज तो मुलीला मागणी घालायला आला तो तिबुर्सियो काकांना पुढे करून! लांबचे काका. त्यांची भाताची गिरणी होती आणि इस्त्रीचा पांढरा सदरा होता, एवढीच त्यांची पुण्याई. लहानपणी या पोराला त्यांनी कधी गिरणीतला कोंडासुद्धा दिला नव्हता.

मागणी घालायची तर मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी जेवणखाण घेऊन मुलीच्या घराचा जिना चढायचा, ही त्यांच्याकडची रीत. जिना चढतो तो मागतो. जो खाली राहतो, तो हमाल.

लुमिंगला एक जिना आठवला... तिच्याच घराचा, बांबूचा, तीनचार पायऱ्यांचा. कधीकाळी एक सुतार आपल्या आईबापांना घेऊन त्या पायऱ्यांशी आला होता. भाताचं पातेलं होतं, कोंबडी होती, आणि त्याच्या डोळ्यांत आर्जव होतं. पाळण्यात रोमुलो तापाने फणफणला होता. "पोराला आम्ही नाही सांभाळायचो," सुताराची आई खालूनच म्हणाली, आणि लुमिंगने दार लावून घेतलं. पातेलं तसंच परत गेलं. त्यानंतर त्या पायऱ्या तिच्यासाठी कुणी चढलं नाही.

तिला रडू आलं नाही. राग आला! असा राग, की बर्फाच्या लादीवरचं गोणपाट तिने ओरबाडून काढलं, तुसाचा धुरळा उडाला. लादी यंत्रात ठोकली आणि दांडा असा गरगरा फिरवला की आंब्याखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

हालो-हालोचे उंच ग्लास मांडले. तळाशी गोड राजमा, त्यावर साखरेत शिजवलेली केळी, पाकातले ताडगोळे, फणसाचे पिवळेधमक काप. वर बर्फाचा किस, आटीव दूध, कोनफळाचा जांभळा हलवा आणि कॅरमेल पुडिंगची एक वडी. दोन दिवस ती चुलीपुढे भाजत बसली होती याच्यासाठी. भावाच्या सासरी आपला पदार्थ... आपला म्हणून!

शेवटचा ग्लास रोमुलोचा. फणसाचा चमचा भरून तिने ग्लासावर धरला. फणसाने त्याचा घसा सुजतो. खाऊ दे! सुजू दे घसा, बघू मग काकांनी घातलेली मागणी कशी गिळतो ते! पण फणस पुन्हा बरणीत गेला. कृतघ्नांवर माया करणारी ही अंतःकरणं कोण घडवतो, त्याला एकदा जाब विचारला पाहिजे!

नवरी मुलगी सोलेदाद ताट न्यायला खाली आली. लुमिंगच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हा रोमूचा हं. यात फणस नाही."

मुलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि ती ताट घेऊन वर गेली.

वरची फळ्यांची जमीन. बोललेलं सगळं खाली गळत होतं. आधी चमच्यांची खणखण ऐकू आली. मग सोलेदादच्या आजीचा, एपिफानिया आजीचा, खरखरीत आवाज आला.

"काय रे पोरा, सगळ्यांच्या ग्लासात फणस, तुझ्यात का नाही?"

"मला... मला चालत नाही, आजी. घसा सुजतो."

"आणि हे त्या गाडीवालीला कुणी सांगितलं?"

तिबुर्सियो काका खाकरले. "मी सांगितलं, मी."

"तुम्ही? आल्यापासून पंख्यासमोरून हलला नाहीत तुम्ही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सोलेदाद हळूच म्हणाली, "आजी, ती त्याला रोमू म्हणाली."

खाली लुमिंग ओल्या हातांनी पदर नसलेल्या गळ्याशी उगाच चाचपत उभी राहिली. आता हे लग्न मोडणार. आपल्या जिभेने मोडणार!

"तुला वाढवणारी बहीण आजारी आहे, म्हणून आली नाही, म्हणालास," आजी म्हणाली. "इतका गोड आजार मी पहिल्यांदा खाल्ला. खोटं बोलणाऱ्याला नात देऊ का मी? जा. तुला ज्या बाईने वाढवलं तिने हा जिना चढल्याशिवाय या घरात मागणीबिगणी काही होणार नाही!"

धाडधाड पावलं वाजली. रोमुलो खाली आला. चेहरा काळाठिक्कर.

"ताई... वर चल."

"कोण? मी? मी गल्लीतली!" लुमिंग किंचाळली. "बर्फ किसायला आणलीय मला! बर्फ किसते मी रोमू, नाक नाही कापत कुणाचं! कशाची लाज वाटली तुला? या हातांची? याच हातांनी तुझं ढुंगण धुतलंय!"

वरच्या खिडकीत सगळे जमले होते. रोमुलोने मान वर केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, फाटलेल्या आवाजात बोलला, "ही माझी बहीण इलुमिनादा. हिने मला वाढवलं. मी तिला नाकारलं... कारण मी नीच आहे!" आणि तो पहिल्या पायरीवर मटकन बसून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"ऊठ," ती म्हणाली. "पँट खराब होईल. सकाळीच इस्त्री केलीय मी."

ती जिना चढली. एकटी, कठड्याला धरून. वर सोलेदादने वाकून, मोठ्यांना करायचा नमस्कार म्हणून, तिचा हात कपाळाला लावला आणि ती दचकली. "अगंबाई, किती गार हात!"

पण तिने तो सोडला नाही. दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिली. तिथे मात्र लुमिंगचे डोळे भरून आले.

"तुम्ही खाल्लं का?" आजीने विचारलं.

लुमिंग गोंधळली. आयुष्यभर गावाला थंड करणाऱ्या त्या बाईला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"पोरा!" आजी खिडकीतून ओरडली. "बहिणीसाठी एक ग्लास आण. स्वतः किसून!"

खाली यंत्र घरघरलं, अडकलं, काहीतरी सांडलं, शिवी ऐकू आली. बऱ्याच वेळाने रोमुलो ग्लास घेऊन वर आला. शर्टावर दुधाचे ओघळ, आणि ग्लासात फणसच फणस! तिला तो किती आवडतो हे त्याला ठाऊक होतं तर... त्याच्या घशापायी घरात कधी फणस न कापणाऱ्या बहिणीची आवड!

तिने तळापासून ढवळलं. एक चमचा तोंडात घातला. सगळे बघत होते.

"बर्फ जाडाभरडा किसलायस, गाढवा," ती म्हणाली. आणि ग्लास संपेपर्यंत तिने चमचा खाली ठेवला नाही.

मग तोंड पुसून ती ताठ बसली. तिबुर्सियो काका सवयीने घसा साफ करू लागले, तर तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"आजी, हा आमचा गाढव. मीच वाढवलाय, त्यामुळे जे काही चुकलंय ते माझ्याच पदरात घाला... तुमची सोलेदाद मागायला मी जिना चढून आलेय."