दात आवळून हसायचं

एकनाथराव सकाळी आबिड्सच्या दवाखान्यात निघाले ते टाके काढायला. टाके बायकोचे, आठ्या यांच्या कपाळावर.

"मांडीचं मांस काढून गालात!" ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी सुरू केलं. "पन्नाशी आली. आता हसून कुणाला दाखवायचंय?"

भामानं नेहमीसारखा रुमाल तोंडाच्या डाव्या कोपऱ्याला धरला. बावीस वर्षं तो गाल लोंबत होता, चहा तिथूनच गळायचा. एकनाथराव जेवायला मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला बसत. काहीही बोला, तिथे काही उमटत नसे. अशा माणसांनाही लोक रावच म्हणतात.

डॉक्टर शर्वरीनं टाके काढले आणि पुन्हा समजावलं, "इतक्या वर्षांत गालातले स्नायू वाळून गेले, म्हणून मांडीतला बसवलाय. त्याला चावण्याची नस जोडलीय. दात आवळले की गाल उचलला जाईल. पण नस वाढायला चार महिने तरी लागतील. तोवर काही हलणार नाही."

त्याच दुपारी ते हललं.

मलकपेठच्या घरात वीज गेली होती, पंखा बंद, भामाच्या अंगाला औषधाचा वास. वरणात मीठ कमी निघालं. एकनाथरावांनी सवयीनं दात आवळले आणि भामाचा डावा गाल सावकाश वर चढला. उजवा शांत, नजर ताटात. यांनी दात सोडले, गाल उतरला. पुन्हा आवळले... पुन्हा चढला.

"थांबव ते!"

"काय थांबवू?" भामा म्हणाली. "मी काय केलं हो?"

त्या दिवसापासून हा शूर गडी बायकोसमोर तोंड उघडं टाकून बसू लागला.

त्याला खरी भीती होती ती लेकीची. तेजश्री कुकटपल्लीला राहायची, ऑपरेशन तिनंच करवलं होतं. त्याआधीच्या तपासणीत भामाच्या कानामागचं हाड पूर्वी कधीतरी तडकलेलं दिसलं. यांनी तर जगाला सांगितलं होतं, बसच्या खिडकीशी बसली आणि तोंडावरून वारं गेलं. वाऱ्यानं हाड तडकत नाही. घोड्यांच्या रेसवरून हे भडकून आले होते, ताट गार होतं, आणि यांनी भामाला ढकललं होतं. तेव्हा तेजश्री चार वर्षांची. आता तिला कळलं तर ती आईला घेऊन जाणार आणि बापाचं तोंड पाहणार नाही, हे एकनाथरावांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी ती आली. चप्पलही न काढता तिनं विचारलं.

"बाबा, सच सांगा. मम्मीला काय झालं होतं?"

"अगं, वारं..."

कट्ट. दातांवर दात बसले. उघडेनात.

एकनाथरावांनी भामाकडे पाहिलं. तिचा डावा गाल वर चढलेला होता. आजवर आधी यांचे दात आवळायचे, मग गाल चढायचा. आज गाल आधी चढला होता.

"वारं नव्हतं गं," भामानं रुमाल बाजूला ठेवला. "ओट्याची कड होती. ह्यांनी ढकललं मला."

मग तिनं सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. तेवढा वेळ एकनाथराव दोन्ही हातांनी हनुवटी खाली ओढत होते. नाकातून नुसता आवाज येत होता... कुणाला दया आली नाही. यायचं कारणही नव्हतं.

त्या दोघी गेल्यावर त्यांचे दात सुटले.

आता भामा कुकटपल्लीला असते. इतक्या लवकर गाल हललेला पाहून डॉक्टर चकित झाली, आणि तिनं सराव सांगितला: आरशासमोर वीस वेळा हसायचं, सकाळी आणि संध्याकाळी.

मलकपेठला दार लावून एकनाथराव एकटेच बसतात. सकाळी सात वाजता सुरू होतं. कट्ट... कट्ट... ते मोजतात. वीस झाले की घाम पुसतात आणि संध्याकाळची वाट पाहतात. मागच्या आठवड्यात एक दाढ फुटली.

काल संध्याकाळी मात्र ते विसावर थांबलं नाही.