आजोबा, आता वळवते हं

माझ्या थोरल्याला बापाचं काही करायला नको. चहा पलंगावर हवा, पंखा त्याच्याकडे वळलेला हवा, आणि बापाची कूस बदल म्हटलं की ह्याची कंबर धरते. पुढचं खोटं वाटलं तर घरी या आणि त्याचा खांदा बघा. डॉक्टरनेही हात टेकलेत.

आमचे हे लकव्याने अंथरुणाला खिळलेले. डावं अंग गेलं, वाचा गेली. समज शाबूत.

सिस्टर घरी यायची. दांडगी बाई, पण हात हलका. ह्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. हातपाय हळूहळू वाकवून सरळ करायची, दुखलं की तिथंच थांबायची. रात्री झोप लागावी म्हणून दिवसा खुर्चीत बसवायची. एकाच अंगावर पडून राहिलं की माणूस जिवंतपणी कुजतो, असं मला बजावायची. आणि अंगाला हात लावायच्या आधी दर वेळी सांगायची, "आजोबा, आता वळवते हं."

गेल्या महिन्यात ती गेली. रस्त्यात गाडीने उडवलं.

थोरला म्हणाला, दुपारचं मी बघतो, तू जरा पड. माझे गुडघे कामातून गेलेले. मी पडले.

तो काय बघत होता, ते एका दुपारी कळलं.

डोळा लागतो न लागतो तोच ह्यांच्या खोलीतून आवाज आला...

"आता वळवते हं."

मी ताडकन उठून बसले. घरात आम्ही तिघंच.

मग खाट भिंतीवर आदळली.

धडपडत दारात गेले.

हे उताणे, गुंगीत. चांगला हात टॉवेलने खाटेच्या दांडीला करकचून बांधलेला. उशाशी झोपेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. पाठीखालच्या चादरीवर रक्त आणि पू.

थोरला पलीकडच्या खाटेवर.

त्याला उचलून कुशीवर आपटलं...

कोणी नव्हतं.

मग दुसऱ्या कुशीवर. तोंड भिंतीवर फुटलं. दात गादीवर पडला.

मग त्याचा हात वर जायला लागला. हळूहळू... व्यायाम द्यावा तसा. दंडावर बोटांचे खड्डे पडले होते. बोटं दिसत नव्हती.

"आई, दुखतंय!"

हात थांबला नाही.

कानामागे गेला. आणखी मागे... वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

मी ह्यांच्या खाटेकडे गेले आणि टॉवेलची गाठ सोडली.

तसा थोरल्याचा हात धप्पकन खाली पडला.

आता ह्यांची जखम भरतेय. मी स्वयंपाकघरातून येते तर हे दुसऱ्या कुशीवर असतात. गुडघ्यांत उशी, अगदी नीट.

मी ठेवलेली नसते.

उपकार मानावेत की भ्यावं, कळत नाही. त्या खोलीत मी दाराकडे पाठ करत नाही.

आणि काल थोरला, गळ्यात हात अडकवून, मलाच शिकवतो. म्हणे, आई, अर्धीच गोळी देऊ, सगळ्यांनाच झोप मिळेल.

मी हातातलं काम ठेवलं आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "त्या दुपारी मी दारात उभी होते. तिला थांब म्हणाले नाही. पुढच्या वेळी दारातही येणार नाही."