दोनशे छप्पन्नात एक

नागपूरच्या हृद्यंत्र नियंत्रण केंद्रात हेमांगी सोनवलकर एकच नोंद सकाळपासून चौथ्यांदा वाचत होती. नोंद मीना पाथ्रडकर यांच्या कृत्रिम हृदयाची होती. वय अठ्ठेचाळीस, संगीत शिक्षिका. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना ताल देत असताना त्यांच्या हृद्यंत्राने गती एकाएकी मिनिटाला चाळीस ठोक्यांवर आणली. बाई चक्कर येऊन व्यासपीठावरून खाली पडल्या आणि डोक्याला मार लागून गेल्या. गती उतरवण्याची आज्ञा केंद्राकडूनच गेली होती, पण ती बाईंसाठी नव्हती. पहिल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या एका आजोबांसाठी होती.

"दुसऱ्याची आज्ञा यांच्या हृदयाने मानलीच कशी?" केंद्राचे प्रमुख डॉ. इनामदार तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"प्रत्येक आज्ञेवर एक मुद्रा असते डॉक्टर, बत्तीस बाइटची. ती दर वेळी नवी बनते, गुप्त चावी आणि वेळ मिळून. हृद्यंत्र आपल्या चावीने तीच मुद्रा स्वतः बनवून पाहतं आणि दोन्हींची बाइटमागून बाइट तुलना करतं. जुळल्या, तर आज्ञा खरी."

"मग इथे जुळल्या?"

"नाही. तुलनाच चुकीची आहे." तिने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "प्रत्येक बाइटमधला फरक काढून इथे त्यांची बेरीज होते. बेरीज शून्य म्हणजे मुद्रा सारख्या. पण बेरीज ज्या खणात ठेवलीय, तो दोनशे पंचावन्नपर्यंतच मोजतो. जुन्या स्कूटरचा मीटर भरला की परत शून्यावर यायचा ना, तसं. बेरीज नेमकी दोनशे छप्पन्न झाली, पाचशे बारा झाली, की खणात शून्यच दिसतो."

डॉक्टरांना कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे दर दोनशे छप्पन्न खोट्या मुद्रांमागे एक खरी ठरते."

"हो. आणि कुणी मुद्दाम, न थांबता पाठवत राहिलं, तर पाच-दहा मिनिटांत कुणाचंही हृदय त्याच्या हातात."

राज्यात अशी नऊ हजार चारशे हृदयं धडधडत होती. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत बसले. बाईंच्या मृत्यूची बातमी सकाळच्या पेपरात आली होती. ती वाचून ज्याला शंका येईल असा माणूस शहरात एकटी हेमांगीच असेल, असं थोडंच होतं.

"लिहिलं कुणी हे?"

"केळुसकर सरांनी. पस्तीस वर्षांपूर्वी, पाणी मोजण्याच्या यंत्रासाठी सी भाषेत लिहिलेली तीनशे ओळींची लायब्ररी आहे, कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडावी अशी. लहान आणि वेगवान, म्हणून सगळ्यांनी उचलली." ती जरा थांबली. "मी त्यांचीच विद्यार्थिनी. गेल्या वर्षी त्यांनाही हृद्यंत्र बसवलंय."

दुरुस्ती चार ओळींची होती. बेरीज काढून टाकायची. एकही बाइट वेगळा निघाला, तर उत्तर 'वेगळी'. हेमांगीने ती लिहिली, दोघा सहकाऱ्यांकडून तपासून घेतली आणि दहा लाख खोट्या मुद्रांवर चालवली. एकही आत शिरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुरुस्ती सगळ्या हृद्यंत्रांकडे निघाली आणि साडेअकराला पडद्यावर शेवटचा आकडा हिरवा झाला. नऊ हजार चारशेपैकी नऊ हजार चारशे. डॉक्टर दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

सरांना तिने चूक आणि चार ओळींची दुरुस्ती सकाळीच कळवली होती. त्यांचा फोन जेवणानंतर आला.

"हेमांगी, त्या बाई माझ्यामुळे गेल्या."

"सर, असं नका म्हणू. पस्तीस वर्षांत आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही ते."

"ते राहू दे. माझ्या यंत्रात दुरुस्ती पोचली?"

"पोचली, सर. दहा वाजता."

"कितव्या प्रयत्नाला?"

तिने नोंद उघडली. "एकशे त्र्याण्णवाव्या. काही यंत्रांना संदेश क्षीण पोचतो, तिथे आपली प्रणाली आपोआप पुन्हा पुन्हा पाठवते."

"माझ्या घराच्या खिडकीतून केंद्राचा प्रक्षेपक दिसतो, हेमांगी. क्षीण कसा पोचेल?" सर आता सावकाश बोलत होते. "अशी यंत्रं किती आहेत? त्यांच्या प्रयत्नांची सरासरी काढ."

"सहाशे अकरा." तिने सगळ्यांच्या प्रयत्नांचे आकडे भरले. पडद्यावर उत्तर आलं.

"दोनशे छप्पन्नच्या आसपास आहे ना?" सरांनीच विचारलं.

"हो."

ती सहाशे अकरा यंत्रं एकाच खेपेची होती. कारखान्यात त्यांच्यात चावी लिहायची राहून गेली असणार. चावीच्या जागी काय भरलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येकात ते वेगळं होतं. केंद्राची खरी मुद्रा त्यांना पहिल्या दिवसापासून खोटीच वाटत आली होती. तरी केंद्राचा प्रत्येक संदेश त्यांनी आजवर मानला, तो केवळ त्या चुकीच्या बेरजेमुळे. आज सकाळची दुरुस्तीही त्याच फटीतून आत गेली आणि आत गेल्यावर तिने फट बुजवली. आता केंद्राचा एकही संदेश ती यंत्रं मानणार नव्हती.

"केंद्राचा संदेश मिळाला नाही, तर यंत्र किती वेळ वाट पाहतं?" सरांनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक असावं.

"बहात्तर तास. मग चाळीसच्या गतीवर जातं."

"आणि चाळीसवर माणूस?"

डॉ. इनामदार दारात येऊन उभे होते. तिने फोन स्पीकरवर टाकून त्यांना सगळं सांगितलं.

"पडून राहिला, तर आठ दिवस जगेल," ते म्हणाले. "यंत्र बदलणं हाच उपाय. राज्यभरातली सगळी शस्त्रक्रियागृहं धरली, तर दिवसाला बावीस होतील. अकरा दिवसांत दोनशे बेचाळीस."

उरलेल्यांचा आकडा कुणी उच्चारला नाही. डॉक्टर फोन करायला बाहेर धावले.

"सर, तुम्ही आडवे व्हा. मी गाडी पाठवते. तुमचं नाव यादीत—"

"यादी डॉक्टर करतील. त्यात तू पडू नकोस." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तू तुझ्या त्या चार ओळी मला वाचून दाखव. माणसाच्या हातून कुठेतरी काहीतरी राहतंच. एखादी फट असेल, तर त्यातून चावी आत घालता येईल."

हेमांगीने फाइल उघडली आणि वाचायला लागली. एकेक चिन्ह, एकेक कंस. सर मध्येच थांबवत, एखादी ओळ पुन्हा वाचायला लावत. आपल्या हातून चूक झालेली असावी, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. तिने चारही ओळी सात वेळा वाचल्या.

"चांगलं लिहिलंयस," सर शेवटी म्हणाले.