तारेचं दुसरं टोक

दोन शहरं पाऊण तासात जोडणारी गाडी आपल्या हातून धावेल, या ध्यासाने ती परदेशात शिकून परतली होती. खासगी रेल्वे कंपनीने तिच्या हातात ठेवली ती घरांची यादी. रुळांच्या वाटेतलं प्रत्येक घर रिकामं झालं की नाही, ते बघून सही करायची. एक्केचाळीस नंबरला एक आजी एकटीच राहते, असं यादीत होतं. ते दार तिने तीनदा वाजवलं होतं. आतून ओ आली नाही. 'रिकामे' लिहून ती पुढे गेली.

त्याला वर्ष झालं. घर पाडून त्या जागी आता सिग्नलची खोली उभी होती आणि उद्या गाडीची पहिली चाचणी. जमिनीचे हादरे मोजणारं यंत्र तपासायला ती संध्याकाळी आली. यंत्राची तार फरशीतल्या नळीतून खोल जमिनीत गेली होती.

रखवालदारकाकांनी कुलूप काढलं. ते याच गल्लीतले.

"इथल्या आजी आता कुठे असतात हो?" तिने सहज विचारलं.

"भाचीकडे गेली असेल, असं आम्ही धरून चाललो. परवा भाचीच विचारत आली, मावशी कुठाय म्हणून."

"पण मी दार वाजवलं होतं..."

"दार?" काका हसले. "अहो ताई, म्हातारी ठार बहिरी! ढोल बडवलात तरी ढिम्म. बाहेर दोरी लोंबायची, दुसरं टोक तिच्या मनगटाला. आपण तीनदा ओढायची. ती आतून एकदा ओढायची, म्हणजे 'आले'. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विचारायचंत तरी."

दोरी तिला आठवली. कपडे वाळत घालायची असेल असं समजून तिने ती हाताने बाजूला सारली होती.

काका चहा आणायला गेले. त्यांच्या नजरेला नजर देणं तिला जमलंच नव्हतं. खोलीत ओल्या सिमेंटचा वास होता आणि त्याखाली, अगदी पुसट, बंद खोलीतल्या अंथरुणाचा. ती गुडघ्यांवर बसली. तार मुठीत धरून ओढली. एकदा. दोनदा. तीनदा.

"आजी... चुकलं माझं..."

काहीच नाही. ती मूठ सोडणार, तोच तार ताणली गेली.

खालून. सावकाश. एकदाच.

सकाळी साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सगळे खोळंबलेत. तुमची एक सही, की गाडी सुटली!"

तिने सहीच्या जागी लिहिलं : 'एक्केचाळीस नंबर रिकामं नव्हतं. मी आत पाहिलं नाही. चाचणी थांबवा, फरशी खोदा.'

"डोकं ठिकाणावर आहे ना? नोकरी जाईल!"

"जाऊ दे साहेब. आधी खोदा."

काकांनी सगळ्यांसमोर कुलूप काढलं. रात्रभर आत कुणी गेलं नव्हतं. तरी भिंतीपाशी ठेवलेलं यंत्र फरफटत नळीच्या तोंडाशी आलं होतं, आणि तार अजून ताठ होती.