परतीचा भार

ही गोष्ट २०४३ सालची. त्या वर्षी मुळशीपासून विळ्यापर्यंतचा सगळा ताम्हिणी घाट 'निर्धूर पट्टा' म्हणून जाहीर झाला. पट्ट्यात शिरताना इंजिन बंद करायचं, घाट विजेवर उतरायचा आणि विजेवरच चढायचा, असा नियम होता. त्याच वर्षी कोथरूडच्या गद्रे कुटुंबाने सात आसनांची द्विशक्ती गाडी घेतली, आणि गणपती उठतात न उठतात तोच कुमुद गद्रे यांना त्या गाडीचा संशय येऊ लागला.

गाडी कुणालाही आवडावी अशीच होती. दारं सरकणारी, पायरी खाली, त्यामुळे बाहत्तर वर्षांच्या कुमुदताईंच्या गुडघ्यांना चढताना कुरकुर करावी लागत नसे. मागची रांग दुमडली की नातीची, ओवीची, सायकल आडवी मावे. पेट्रोल आणि वीज दोन्ही असल्याने वाटेत अडकायची धास्ती नव्हती. कुमुदताईंच्या लहानपणी त्यांचे काका एका चिमुकल्या मोटारीत सात माणसं कोंबून जेजुरीला नेत. तरीही एकाला "पुढच्या खेपेला तुला" म्हणून घरी ठेवलं जाई, आणि ती एक बहुधा कुमुदच असे. या गाडीत कुणाला मागे ठेवायला निमित्तच उरलं नव्हतं.

विजेवर चालताना मात्र ती इतकी शांत असे, की पुढची कुजबुज तिसऱ्या रांगेत ऐकू येई. मुलगा सारंग आणि सून दीप्ती हल्ली गाडीत गप्प बसत. चढावर इंजिन सुरू झालं, की दोघांची डोकी जवळ येत आणि ओठ हलू लागत. इंजिन थांबलं की ओठही थांबत. कुमुदताईंनी हे पाच वेळा पाहिलं.

दुसरी गोष्ट विजेची. सोसायटीत चार्जिंगची पाळी आठवड्यातून एकदा, गुरुवारी येई. गाडी ती वीज एरवी शहरातच सोमवारपर्यंत संपवून टाकी. आता ती अर्ध्याहून जास्त वीज रविवारपर्यंत राखून ठेवी, शहरात पेट्रोल जाळी, आणि रविवार टळला की वीज मोकळी करी. सलग सहा आठवडे. गाडी कशाची तरी वाट पाहत होती.

वीज कधी वापरायची आणि कधी राखायची, हे गाडीतला 'प्रवासवेधक' ठरवतो. घरची माणसं कुठे, कधी, किती जण जातात हे पाहून तो पुढच्या प्रवासाचा अंदाज बांधतो. कुमुदताईंना हे कुणी सांगायला नको होतं. वाहन संशोधनशाळेत बॅटऱ्यांवर तीस वर्षं काम करताना पहिला प्रवासवेधक त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता.

एका रविवारी सकाळी सगळे नाश्त्याला बसलेले असताना त्या किल्ली घेऊन खाली गेल्या आणि त्यांनी गाडीतला माहितीचा पडदा सुरू केला.

'अपेक्षित प्रवास: श्रीवर्धन. जाताना चार माणसं, भार २३६. परतीला तीन माणसं, भार १७८.'

फरक अठ्ठावन्न किलोंचा. कुमुदताईंचं वजन अठ्ठावन्न होतं.

त्यांना मैत्रीण मालू करंदीकर आठवली. मालूला तिच्या मुलांनी 'हवापालट' म्हणून कोकणात नेलं आणि एका ज्येष्ठ निवासात ठेवून मुलं परतली. तिच्यासाठी घेतलेले आंबे मात्र येताना विसरून परत घेऊन आली.

वर येऊन त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. "सारंग, हवापालटाला कुठे जायचं म्हणतोस?"

"कोण, मी? मला साइटवरून सुटी कुठे आहे!"

"दीप्तीला असेल."

दीप्तीच्या हातातला चमचा थांबला. "नाही आई. का?"

"सहज. कोकण बरं असतं म्हणे. म्हाताऱ्या माणसांना."

"आजी, टोमणा कुणाला आहे तेवढं सांग," ओवी म्हणाली, "म्हणजे बाकीच्यांना निवांत खाता येईल."

मग महिनाभर कुमुदताई कागद चाळत राहिल्या. सारंगचे खिसे, फ्रीजवरच्या चिठ्ठ्या, एकदा तर दीप्तीचं कपाटही. हाती काही लागलं नाही. शेवटी त्या फिरोज तडवीकडे गेल्या. हा त्यांचा जुना विद्यार्थी आता संशोधनशाळेत प्रवासवेधक विभागाचा प्रमुख होता.

"मॅडम, तुम्ही? चहा आलं घालून, बिनसाखरेचा. आठवतंय मला."

"चहा नंतर. माझ्या गाडीची आसनवार नोंद काढ."

"गाडीत बिघाड आहे?"

"घरात आहे."

फिरोजने नोंद मागवली. ती येईपर्यंत तो म्हणाला, "परतीला किती माणसं, हा पहिल्यापासून आपला अवघड भाग. घाट चढताना भार किती, यावर वीज ठरते, आणि लोक तर वेळापत्रक पाळत नाहीत. तीनशे कुटुंबांवर चाचणी करूनही अंदाज चुकत होता. मग तुम्हीच म्हणालात, गाडीत बसताना दाराशी काय बोलतात ते ऐका."

"मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही," कुमुदताई म्हणाल्या. "'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं की घरातलं मोठं माणूस अंगावर येतं. ज्याच्या मनातून ते घर सुटलं, त्याच्या तोंडी नकळत 'जातो' यायला लागतं."

"तोच शब्द अजून मोजतो आपण. बाकी बोलणं साठवत नाही. गेल्या चाळीस दिवसांत कोण किती वेळा काय म्हणालं, तेवढंच." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमचं आसन जातानाही भरलेलं आहे आणि येतानाही."

"मग अठ्ठावन्न किलो कुणाचे?"

"पुढचं डावं आसन. दीप्तीताईंचं."

"वेडा आहेस का? दीप्ती चौसष्ट किलोची आहे. लग्नापासून."

"जूनपर्यंत होत्या."

कुमुदताई आकड्यांच्या त्या उतरत्या रांगेकडे बघत राहिल्या. रोज समोर जेवणाऱ्या माणसाचे सहा किलो कमी झाले होते, आणि त्या तिचं कपाट तपासत होत्या.

"त्या दोनदा एकट्या श्रीवर्धनला गेल्या होत्या," फिरोज सावकाश म्हणाला. "घरातून निघताना 'जाते'. आणि तिथून पुण्याला यायला निघताना, तिथल्या लोकांना, दोन्ही वेळा 'येते'."

कुमुदताईंनी पडदा त्याच्याकडे परत वळवला.

"मोजणी पुसता येईल?" कुमुदताईंनी विचारलं.

"येईल. मग गाडी वीज राखणार नाही, आणि पट्ट्याच्या नाक्यावरून तुम्हाला परत पाठवतील."

"मग?"

"मग दीप्तीताई एसटीने जातील, मॅडम."

दुसऱ्या दिवशी डोळे तपासायचं निमित्त करून कुमुदताई दीप्तीसोबत निघाल्या. त्या मुद्दाम पुढे, तिच्या शेजारी बसल्या. कर्वे पुतळ्याजवळ इंजिन सुरू झालं.

"ते बंद कर. विजेवर घे. मला नीट ऐकायचंय."

दीप्तीने बटण दाबलं. गाडी एकदम गप्प झाली.

"श्रीवर्धनला काय आहे?"

"सारंग बोलला?"

"गाडी बोलली."

दीप्तीने श्वास सोडला. "खाडीवर कांदळवनाचं संशोधन केंद्र आहे. मला दोन वर्षांची नेमणूक मिळतेय. हेच तर शिकले होते मी. पण सारंग म्हणतो, आईला एकटं कसं ठेवायचं? तो दिवसभर साइटवर, ओवी कॉलेजात. प्रत्येक भांडण तिथेच येऊन अडतं."

"मला वाटलं, मला पोचवताय."

"तुम्हाला?" दीप्ती हसली, मग तिचा आवाज चढला. "आणि मला वाटलं, माझ्यावर चोरीचा आळ आहे! कपाटातल्या साड्यांच्या घड्या बदललेल्या दिसतात, आई."

"दोन वर्षांनी परत येणार आहेस?"

सिग्नल लाल होता. तो हिरवा होईपर्यंत दीप्ती समोर बघत राहिली. "हो म्हटलं तर विश्वास ठेवाल?"

"गाडी नाही ठेवत."

"मग मला विचारू नका. मला माहीत नाही." थोड्या वेळाने तीच बोलू लागली. "तिथेही काही सोपं नाही. खाडीत जायला कोळी बायकांच्या सोसायटीच्या विजेवरच्या सहा बोटी आहेत, त्यातल्या चार किनाऱ्यावर पडून. बॅटऱ्या बघायला माणूस मिळत नाही."

१९९९ साली कुमुदताईंना बंगळूरच्या प्रयोगशाळेचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्या पत्राला त्यांनी नाही असं उत्तरसुद्धा धाडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी सारंगला सांगितलं, "हिला जाऊ दे. आपण सगळे सोडायला जाऊ. माझी काळजी तू करायची नाहीस."

तेव्हापासून त्यांना एक नवी सवय लागली. गाडीतून कुठेही निघताना त्या गाडीच्या उघड्या दाराशी थांबत आणि मोठ्यांदा म्हणत, "येते हं!" मंडईत जाताना, बँकेत जाताना, पाठीच्या डॉक्टरकडे जाताना.

"आजी, ऐकलं," ओवी म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांनीसुद्धा ऐकलं."

१३ डिसेंबरच्या रविवारी ते निघाले. मुळशीच्या नाक्यावर प्रत्येक गाडीने आपला अंदाज बोलून दाखवायचा असे. गाडी म्हणाली, "जाताना चार. परतीला तीन. वीज पुरेशी." सारंगने मान हलवली, आणि ते घाट उतरले.

श्रीवर्धनला दीप्तीचं सामान लावून झालं. सारंग आणि ओवी गाडीत बसले. कुमुदताई दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

"आई, बस ना. उजेड असताना घाट चढू."

"तुम्ही निघा. मी इथे राहतेय."

"इथे म्हणजे?"

"खाडीपलीकडे खोली घेतलीय. बोटींच्या बॅटऱ्या बघायला सोसायटीने मला ठेवलंय. पत्रावर पत्रं लिहिली तेव्हा कुठे मानल्या बायका. वय ऐकून हसत होत्या."

दीप्ती पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यावर पाळत ठेवायला?"

"बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. लिहून देऊ?"

"पण मग मला का नाही सांगितलंस?" सारंग ओरडला.

"सांगितलं असतं तर तू पुण्यातूनच निघाला नसतास. आणि इथून पुढे रोज हिला फोन करून म्हणाला असतास, आई एकटी आहे. आता तुम्हा दोघांना काय बोलायचं ते आपापल्या नावाने बोला. माझं नाव मध्ये घालायचं नाही."

ओवी पडद्याकडे बघत होती. तिसऱ्या आसनाचा दिवा अजून वाट पाहत लुकलुकत होता. "पण आजी, हिला कसं कळलं नाही? हिला तर सगळं कळतं."

"चाळीस दिवस रोज सांगत होते तिला, येते म्हणून," कुमुदताई म्हणाल्या. "बोलणारा मुद्दाम खोटं बोलेल, हे तिला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं."

घाट चढून सारंग नाक्यावर पोचला, तेव्हा बॅटरीत अंदाजापेक्षा दोन टक्के वीज जास्त उरली होती.

फिरोज तडवीने ती नोंद पाहिली आणि पुढच्या आवृत्तीतून निरोपाचा शब्द काढून टाकला. आपल्याला ऐकलं जातंय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या शब्दावर वीज राखता येत नाही, असं त्याने अहवालात लिहिलं. निवृत्तीनंतर तो यावलला केळीच्या बागेत परतला. ओवी भूशास्त्र शिकली आणि लडाखात नोकरीला लागली. दीप्ती दोन वर्षांनी पुण्याला आली नाही, चार वर्षांनीही नाही. सारंग दर दुसऱ्या रविवारी घाट उतरत राहिला. त्यांची भांडणं चालू राहिली, पण ती दोघांचीच होती. २०४८ साली त्याने कोथरूडचं घर सोडलं आणि माणगावला काम धरलं. गाडी कोळी बायकांनी घेतली. मागच्या दोन्ही रांगा दुमडल्या की तिच्यात मासळीच्या बारा टोपल्या बसत.

कुमुदताईंना दीप्तीने जेवायला बोलावलं, त्याला सात महिने लागले. त्या गेल्या, पोटभर जेवल्या आणि ऊन असतानाच आपल्या खोलीवर परतल्या. पुढे दर बुधवारी बोलावणं येऊ लागलं. २०५१च्या फेब्रुवारीत एका सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या, त्या वारल्या. दीप्ती खाडीत होती. सहाही बोटी पाण्यात होत्या, किनाऱ्यावर एकही नव्हती, म्हणून तिच्यापर्यंत निरोप पोचायला दुपार उलटली.