दुसरा मदरबोर्ड

त्या मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला नाही. बटण दाबलं की पंखा अर्धवट फिरायचा आणि थांबायचा. मी कॅबिनेटचा पत्रा काढून आत नाक घातलं. करपलेल्या डिंकासारखा वास आला. मदरबोर्डवरचे काही कॅपॅसिटर फुगले होते, एकातून तपकिरी चिकट पाणी ओघळलं होतं.

"मेला का?" नेवेनाने दारातून विचारलं. तिच्या हातात माझी कॉफी होती, पण ती द्यायची हे ती विसरली होती.

"मदरबोर्ड गेलाय. बाकी ठीक आहे."

"मग नवा कॉम्प्युटरच घे ना, बोयान."

"नव्याला तुझं मशीन जोडता येत नाही. मागे करून बघितलंय आपण."

माझी बायको घरी विणकामाचं मशीन चालवते. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी मशीनला मिळते ती मागच्या रुंद पोर्टातून, पूर्वी प्रिंटर लावायचे त्यातून. तसले पोर्ट आता कोणी देत नाही. डिसेंबरातल्या निकुल्डेनच्या सणाला चर्चमध्ये मुलं गायला उभी राहणार होती आणि सगळ्यांचे स्वेटर तिच्याकडे होते. निम्मेसुद्धा झाले नव्हते.

"आज मिळेल?" तिने विचारलं.

"आपल्या रूसेमध्ये कुणाकडे असेल तर मिळेल."

मी कामावर रजा कळवली. मी लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, कुलपं. डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं त्यावरच सही करायची, हा माझा धंदा. मेलेला बोर्ड टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि निघालो. डॅन्यूबवरून धुकं इतकं आत आलं होतं की समोरच्या इमारतीचे फक्त खालचे मजले दिसत होते.

राडकोचं दुकान बाजारामागे तळघरात आहे. खिडकी फुटपाथला लागून, गिऱ्हाइकाने उकिडवं बसून बोलायचं. मी बसलो. राडको खालून हसला.

"काय रे, काही विसरलास?"

"कशाला विसरेन? आत्ता येतोय."

"सकाळी सकाळी चढवलीस का? मघाशीच तर इथे बसला होतास. हीच पिशवी, हाच टॉवेल. दोन बोर्ड दाखवले तुला. एकाला रुंद पोर्ट नाही म्हणालास, दुसऱ्यात तुझा प्रोसेसर बसत नाही म्हणालास. दोन्ही खरं होतं बाबा. मग स्वतःच म्हणालास, तेमेनुगाकडे बघतो."

राडको मला चांगला ओळखतो, त्याच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. मी ते दोन बोर्ड मागून घेतले. एकाला पोर्ट नव्हता. दुसऱ्याची प्रोसेसरची बैठक वेगळी होती.

"चेष्टा करतोयस," मी म्हणालो.

"मी?" तो म्हणाला, आणि त्याचं हसू जरा उतरलं.

तेमेनुगाचा गाळा बस स्थानकाजवळ आहे. चालताना मी स्वतःला समजावलं की माझ्यासारखा दिसणारा कोणीतरी असेल. जुन्या बोर्डाची गरज इतरांनाही पडते. तरी मी भरभर चालत होतो, आणि बोझा नावाच्या आंबट पेयाच्या गाडीपाशी रांगेतल्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा बघत होतो.

तेमेनुगाने मला पाहिलं आणि खोकं न विचारता काउंटरवर ठेवलं.

"मन बदललं ना? तरी मी सांगत होते, घेऊन जा."

मी बोर्ड उचलला, नाकाशी नेला.

"हुंगून झालाय तुझा," ती म्हणाली. "मग उजेडात धरलास. कडेच्या तारेवर ओरखडा आहे, फार दिवस टिकणार नाही, म्हणालास."

मी बोर्ड खिडकीकडे तिरका केला. ओरखडा होता. केसाएवढा. तिने सांगितलं नसतं तर मला दिसला नसता.

"बाई, मी कोणते कपडे घातले होते?"

"हेच की!" ती हसली, मग जरा थांबली. "पण तेव्हा अशी घाई नव्हती तुला. स्टुलावर बसलास. सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्यास माझ्याबरोबर. माझ्या पायाची चौकशी केलीस. इतकी वर्षं येतोस बोयान, पहिल्यांदा विचारलंस. बरं वाटलं मला."

मी तिच्या पायाकडे पाहिलं. काउंटरखाली, स्टुलावर, पट्ट्यांत गुंडाळलेला होता. तो दुखतो हे मला माहीत नव्हतं.

"मग कुठे गेलो मी?" मी विचारलं. प्रश्न तोंडातून असाच बाहेर पडला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "स्पासकडे. द्रुझ्बा वस्तीत. बरा आहेस ना तू?"

म्हातारा स्पास शहराच्या टोकाला, वरच्या मजल्यावर एकटा राहतो. घरभर जुन्या कॉम्प्युटरांचे सांगाडे. लिफ्टमध्ये शिरल्यावर सवयीने मी छताकडे कान दिला. दोर नीट होते. माझाच श्वास तेवढा मोठा येत होता.

स्पासने दार उघडलं. भाजलेल्या मिरच्यांचा वास बाहेर आला. बुटांच्या कपाटावर एक बोर्ड पिशवीत घालून तयार ठेवला होता. माझ्या मेलेल्या बोर्डाचाच जुळा: तोच निळा रंग, मागे तोच रुंद पोर्ट.

"हा घे. ठेवलाय तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"दोन होते माझ्याकडे. एक तू नेलास. दुसरा ठेव म्हणालास. दुपारी परत येईन, तेव्हा दे. दोन्हीचे पैसे देऊन गेलास की!" त्याने डोळे बारीक केले. "जेवून जातोस? मघाशी नाही म्हणालास. बायको वाट बघतेय म्हणालास."

मी ती पिशवी घेऊन जिन्याने उतरलो. खाली येऊन घरी फोन लावला.

"हं, बोल," नेवेना म्हणाली. तिच्या मागे विणकामाच्या मशीनचा आवाज येत होता. सरकपट्टी जाते, येते. जाते, येते.

"मशीन चालू आहे?"

"मग काय बसून राहू? कुठे आहेस तू? पाव आणायला किती वेळ लागतो?"

मी हातातल्या पिशवीत पाहिलं. निळा बोर्ड तिथेच होता.

"बोयान?"

"येतो," मी म्हणालो.

बस मिळेना. मी धावलो. पायाखाली लिंडेनच्या झाडांची ओली पानं सरकत होती. आमच्या इमारतीपाशी पोहोचलो तेव्हा पिशवीचा बंद तळहातात रुतला होता.

आवाज जिन्यातच ऐकू येत होता.

नेवेना मशीनपाशी होती. शेजारी नवा स्वेटर पडला होता, लाल, छातीवर लाटांची नक्षी. पडद्यावर तीच नक्षी ओळीओळीने पुढे सरकत होती.

"पाव कुठाय?" तिने मागे न बघता विचारलं.

मी कॅबिनेटचा पत्रा काढला. आत निळा बोर्ड होता. धूळ पुसलेली. तारांच्या जुड्या लाल लोकरीने बांधलेल्या, छोट्या, सुबक गाठींनी. मी तारा कधीच बांधत नाही.

न्हाणीघर पाहिलं. गच्ची पाहिली. कपाटातले कोट बाजूला सारले.

"काय शोधतोयस?"

"काही नाही."

"आज काय झालंय तुला? मघाशी इतका छान होतास."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला काही सांगता आलं नाही. माझ्या हातातला बोर्ड मी माळ्यावर टाकला आणि पाव आणायला गेलो.

स्वेटर वेळेत झाले. निकुल्डेनला मुलं लाल रांगेत उभी राहून गायली. नेवेना पहिल्या बाकावर रडली. घरी आम्ही सणाचा भरलेला कार्प मासा खाल्ला. त्या दिवसांत मी फार प्रयत्न केला. कॉफी करून दिली. तेमेनुगाला पायाचं मलम नेऊन दिलं. नेवेना कधीकधी स्वयंपाक करता करता थांबायची आणि माझ्याकडे बघायची, एखादा शब्द आठवत असल्यासारखी.

नव्या वर्षात एका रविवारी सकाळी तिने मला स्वेटर दिला. राखाडी, जाड, गळ्याशी हिरवी पट्टी.

"गुपचूप विणला," ती म्हणाली. "कॉम्प्युटर दुरुस्त केलास ना, त्याच दिवशी माप घेतलं होतं. किती शांत उभा राहिला होतास."

मी घातला. खांद्यांत नीट बसला, छातीत नीट बसला. बाह्या मात्र बोटांच्या खाली लोंबल्या.

नेवेनाचं माप चुकत नाही. सगळं शहर तिच्याकडे येतं ते त्यासाठीच.

ती हसली आधी. एक बाही दुमडली. मग टेप घेऊन आली, माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत धरली. वाचली. पुन्हा धरली.

टेप तिच्या हातातून सुटली नाही. तिने ती नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. मग एक पाऊल मागे सरकली, माझ्या चेहऱ्याकडे बघत, आणि परक्या माणसाशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाली,

"तुम्ही कॉफी घेणार का?"