सात नंबरचं ड्रॉइंग

"सात नंबर नाहीये!"

टाचणीबाई उघड्या कपाटासमोर उभ्या होत्या. त्या विभागाच्या कारकून. दिसेल तो कागद शेजारच्या कागदाला टाचायच्या, म्हणून हे नाव पडलेलं.

"नीट बघितलंत?" विभागाच्या सचिवबाईंनी विचारलं.

"दोनदा. सहापर्यंत आहेत, आठपासून पुढची आहेत. मधलंच गायब."

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला बैठक.

अभियंत्यांच्या संस्थेतला हा विभाग आण्विक इंधन आणि किरणोत्सारी कचऱ्याचं काम बघायचा. एरवी चर्चासत्रं, पुस्तिका, फार तर एखादा सत्कार. आजचं प्रकरण वेगळं होतं. बंद पडलेल्या प्रयोगशाळेमागच्या जागेवर शाळेचं मैदान व्हायचं होतं. तिथे पूर्वी कचऱ्याची पिंपं पुरलेली. नोंदीतले दोन्ही खड्डे उकरून रिकामे केले होते. तिथे आणखी काही नाही, एवढं विभागाने लिहून द्यायचं होतं. बाहेरून येणाऱ्या तपासनीस बाईंची अट एकच: झेरॉक्स चालणार नाही, मूळ ड्रॉइंग दाखवा.

आणि ते मूळ ड्रॉइंग पस्तीस वर्षांपूर्वी सचिवबाईंच्या वडिलांनी काढलं होतं, ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईने.

सचिवबाईंच्या हातातलं पेन टकटक वाजायला लागलं. काही खुपलं की त्यांचं हे असं व्हायचं.

"काल कपाट कधी उघडलंत?"

"चार वाजता. मैदानवाले इंजिनिअर आले होते. त्यांना झेरॉक्स दाखवल्या. ते पाचला गेले. मग अध्यक्ष सर आले, सह्या करायला. सहाला मी कुलूप लावलं."

"मधे खोलीबाहेर गेलात?"

टाचणीबाईंचा चेहरा पडला. "इंजिनिअरसाहेब असताना चहा सांगायला. आणि सर असताना पाकिटं आणायला. दहा-दहा मिनिटं हो फक्त!"

सचिवबाई गेटवर गेल्या. पहारेकरी प्रत्येकाची पिशवी बघायचा. पासाशिवाय साधी गुंडाळीही बाहेर जात नसे. कालच्या वहीत काही नव्हतं. म्हणजे ड्रॉइंग इमारतीतच होतं.

परत येऊन त्यांनी उरलेल्या ड्रॉइंगांची गुंडाळी हातात घेतली. शाईची बाजू वर दिसत होती.

"ही अशी तुम्ही गुंडाळलीत?"

"छे! मी शाई आत ठेवते, खराब होऊ नये म्हणून. काल संध्याकाळी मी नुसतं दार लावलं, बघितलं नाही."

इंजिनिअर जिन्यातच भेटला. मोबाइल कानाला, कपाळाला घाम. "मॅडम, आज पत्र मिळालं नाही तर माझी धडगत नाही. झेरॉक्सवर भागवा ना."

"ही गुंडाळी जरा उघडून बघता?"

त्याने ती उघडली, चार बोटांत धरून कुतूहलाने पाहिली. "कापड आहे हे? मी कॉम्प्युटरवरच शिकलो." मग शाई आत घालून, तिरपीतारपी गुंडाळून परत दिली.

बैठकीच्या खोलीत अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. लांब टेबल, त्यावर जाड हिरवं कापड. सचिवबाई आत शिरल्या तेव्हा ते पाण्याचा जग उचलून खिडकीत ठेवत होते.

"सर, सात नंबर हरवलंय."

"कळलं. वाईट झालं. पण झेरॉक्स आहे ना? पत्र देऊन टाकू." त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ओढताना पेन्सिल बोटांत हळूच फिरत होती.

"तुम्ही काल ते ड्रॉइंग पाहिलंत?"

"मी? मी रसायनशास्त्राचा माणूस. ड्रॉइंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. बाबा कसे आहेत तुमचे?"

"बरे आहेत," म्हणून त्या बाहेर आल्या. व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली. मग घरी फोन लावला.

"बाबा, ड्रॉइंग गुंडाळताना शाई आत ठेवायची की बाहेर?"

"बाहेर. आत ठेवलीस तर टेबलावर कडा उचलतात. ड्रॉइंगच्या बोर्डावर शिकलेला माणूस झोपेतसुद्धा बाहेरच ठेवेल."

"आणि त्या कापडावर पाणी सांडलं तर?"

"संपलंच. खळ सुटते, पांढरा डाग पडतो. आम्ही पाणी खोलीत येऊ द्यायचो नाही."

"आमचे अध्यक्ष कधी बोर्डावर होते का?"

"दोन वर्षं. माझ्या शेजारी. मग साहेब झाला. का विचारतेस?"

"सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अकरा वाजता तपासनीस बाई आल्या. इंजिनिअर आला, टाचणीबाई वही घेऊन बसल्या. सचिवबाई बसल्या नाहीत.

"ड्रॉइंग काल चोरीला गेलं," त्या म्हणाल्या. "कपाटापाशी एकेकटी राहिलेली दोनच माणसं होती. चोराने सात नंबर काढून बाकीची ड्रॉइंग परत गुंडाळली, शाई बाहेर ठेवून. इंजिनिअरसाहेबांना तसं गुंडाळता येत नाही, मी मघाशी बघितलं. सर, तुम्हाला येतं. तुम्ही रेघ ओढताना पेन्सिल फिरवता, टोक सारखं झिजावं म्हणून. माझे बाबा तस्सेच ओढतात. तरी तुम्ही म्हणालात, ड्रॉइंगमधलं काही कळत नाही."

"यावरून तुम्ही मला चोर ठरवणार?" अध्यक्ष हसले.

"नाही. गेटवरून गुंडाळी नेता येत नव्हती. मग एवढं मोठं कापड ठेवायचं कुठे? पसरूनच. आणि तुम्ही टेबलावरचं पाणी हलवलंत."

त्यांनी हिरव्या कापडाची कड धरली आणि ओढली. अध्यक्षांचा हात पुढे आला, पण उशीर झाला होता. खाली सात नंबरचं ड्रॉइंग होतं, सपाट पसरलेलं.

तपासनीस बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. दोन खड्ड्यांच्या उजवीकडे कापड विरळ झालेलं दिसत होतं. ब्लेडने खरवडलेलं. शाई गेली होती, पण निबने पडलेली खोल रेघ गेली नव्हती. तिसरा चौकोन. बरोबर मैदानाच्या मध्यावर.

"झेरॉक्समध्ये हे येत नाही," सचिवबाई म्हणाल्या. "म्हणून सरांना मूळ ड्रॉइंग नको होतं."

अध्यक्ष खुर्चीत खचले. "तेव्हा त्या जागेचा ताबा माझ्याकडे होता. तपासणी आली होती. त्या तिसऱ्या खड्ड्याला गळती अडवणारं अस्तर नव्हतं. पुढच्या वर्षी उकरू म्हटलं... मग बदली झाली. मी नंतर कित्येकदा..."

"खरवडलं कोणी?" तपासनीस बाईंनी विचारलं.

सचिवबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"बाबा, सात नंबरवर तिसरा खड्डा होता?"

"होता."

"पुसला कोणी?"

"हुकूम त्याचा. ब्लेड माझं. तू तेव्हा तिसरीत होतीस. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. नंतर लाज वाटली म्हणून बोललो नाही. लिहून घे."

टाचणीबाईंचं पेन थांबलेलं होतं. त्यांनी सचिवबाईंकडे पाहिलं.

"लिहा," सचिवबाई म्हणाल्या. "दोन्ही नावं."

दुपारी वडील टॅक्सीने जागेवर आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. जुन्या भिंतीच्या कोपऱ्यापासून पावलं मोजत गवतातून चालत गेले आणि थांबले.

"इथे," ते म्हणाले.

सगळे दोन पावलं मागे सरले. ते मात्र तिथेच मान खाली घालून उभे राहिले. शेवटी सचिवबाई पुढे गेल्या आणि हाताला धरून त्यांनी वडिलांना बाजूला आणलं.